होम थिएटर घरीच जोडताना: कुठली वायर कुठून कुठे

एव्ही रिसीव्हरची, म्हणजे टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणाऱ्या डब्याची, मागची बाजू पहिल्यांदा बघितली की बरेच जण खोकं परत बंद करतात आणि ‘कुणीतरी जाणकार बोलवू’ म्हणत दोन रविवार घालवतात. तिथे तीस-चाळीस सॉकेट असतात खरे, पण मुंबईतल्या साधारण हॉलमध्ये त्यातले दहा-बाराच वापरात येतात. बाकीचे जुन्या यंत्रांसाठी, एफएमच्या अँटेनासाठी, नाहीतर दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरसाठी. त्यांच्याकडे बघायचंही कारण नाही.

इथे ५.१ सिस्टिम धरली आहे: समोर डावा आणि उजवा, मध्ये सेंटर, बाजूला किंवा मागे दोन सराउंड, आणि एक सबवूफर. ‘पॉइंट वन’ म्हणजे सबवूफरचा वेगळा चॅनल. त्यात साधारण १२० हर्ट्झच्या खालचा घुमारच तेवढा असतो, म्हणून त्याला पूर्ण एक धरत नाहीत. पुढेमागे ७.१ (मागे आणखी दोन स्पीकर) किंवा ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज) करायचं असेल तरी सुरुवात हीच.

एक पथ्य मात्र पाळा. सगळं एकदम जोडून शेवटी स्विच दाबायचा नाही. आधी समोरची जोडी जोडा, ऐका. मग सेंटर, मग सराउंड, शेवटी सब. सहाही जोडून झाल्यावर काही बिघडलं तर चूक पंधरा ठिकाणी असू शकते. दोनच जोडलेले असताना ती शोधायला पाच मिनिटं पुरतात.

रिसीव्हर वेगळा, ॲम्प्लिफायर वेगळा

ॲम्प्लिफायरचं काम एकच: आलेला बारीक सिग्नल मोठा करायचा आणि स्पीकर हलवायचा. रिसीव्हर त्याआधी आणखी दोन कामं करतो. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, गेम यांतलं काय ऐकायचं ते निवडतो, आणि डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये बांधून आलेला आवाज सोडवून सहा चॅनलमध्ये वाटतो. ॲम्प त्याच्या पोटातच असतो.

हा फरक लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेल्यावर थेट खिशाशी येतो. तिथे ‘५.१ ॲम्प’ म्हणून असेंबल केलेले डबे मिळतात, ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्यांवर बांधलेले. किमतीच्या मानाने दणका भरपूर, आणि काही कारागीर खरंच नीट बांधतात. पण डबा फिरवून मागे बघा: सहा आरसीए सॉकेट (एकेका चॅनलचं एकेक गोल सॉकेट). म्हणजे त्याला आवाज आधीच सहा भागांत वाटून दिलेला हवा. टीव्ही तसा देत नाही. टीव्हीकडून ऑप्टिकल किंवा एचडीएमआयमधून बांधलेला आवाज येतो आणि तो सोडवायला मध्ये डिकोडरचा वेगळा डबा लागतो. तो नसेल तर पाचही स्पीकरमधून तोच डावा-उजवा आवाज येत राहतो, आणि घरचे वर्षभर त्यालाच सराउंड समजतात. तेव्हा असेंबल्ड घ्यायचा असेल तर डिकोडरची किंमत मिळवून मगच रिसीव्हरच्या किमतीशी तुलना करा.

दुसरा नेहमीचा घोटाळा जुन्या, एकाच खोक्यात आलेल्या होम थिएटरच्या स्पीकरांचा. डीव्हीडी प्लेअर मेला, स्पीकर चांगले आहेत, मग नवा रिसीव्हर घेऊन त्यालाच ते जोडू, असा हिशोब होतो. स्पीकरच्या मागचं स्टिकर वाचा. या सेटमधले कित्येक स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे असतात. रिसीव्हरच्या टर्मिनलजवळ मात्र बहुधा ‘६ ते १६ ओहम’ असं छापलेलं असतं. ओहम जितके कमी, तितका ॲम्पमधून करंट जास्त ओढला जातो. आवाज वाढवला की रिसीव्हर तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. त्या सेटच्या सबवूफरला स्वतःचा ॲम्पही नसतो, त्यामुळे तो नव्या रिसीव्हरच्या सब सॉकेटवर वाजणारच नाही.

वॉटच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा वाचूच नका. रिसीव्हरच्या पुस्तिकेत ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू’ अशा अटींसकट जो आकडा असेल तो खरा. दहा बाय पंधराच्या हॉलला असे ६०-८० वॉट पुरून उरतात. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, हे लक्षात ठेवलं की दुकानदाराच्या गप्पा सोप्या होतात.

जागा ठरवा, मग वायर मोजा

नेमकं उलटं होतं: आधी वायर आणली जाते आणि ती जिथवर पोचेल तिथे स्पीकर बसतो.

समोरचे दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा जवळपास समभुज त्रिकोण व्हायला हवा. हॉल दहा फूट रुंद असेल तर स्पीकर साडेसहा-सात फुटांवर आणि सोफा सात-आठ फुटांवर, हे छान जमतं. ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा स्पीकर, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर, पुढची कड शेल्फच्या कडेशी जुळवून. आत ढकलला तर संवाद डब्यातून आल्यासारखे वाटतात. खाली ठेवला असेल तर पुढून रबराचा तुकडा देऊन थोडा वर तिरपा करा.

सराउंडची जागा हाच आपल्याकडचा खरा प्रश्न. पुस्तकात सांगितलेलं असतं की ते ११० ते १२० अंशांवर, म्हणजे तुमच्या बाजूला पण किंचित मागे हवेत. इथे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. अशा वेळी सोफा भिंतीपासून फूटभर जरी पुढे घेता आला तरी घ्या, फरक पडतो. नाहीच जमलं तर सराउंड सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा एक-दोन फूट वर, ९०-१०० अंशांवर लावा. छताच्या कोपऱ्यात खाली तोंड करून टांगू नका. तिथून आवाज येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. पॅसेजच्या बाजूला भिंत नसेल तर स्टँड.

जागा ठरल्या की सुतळी घेऊन प्रत्येक वायरचा खरा रस्ता मोजा: दाराच्या चौकटीवरून, स्कर्टिंगच्या कडेने, टीव्ही युनिटच्या मागून. हवेतलं अंतर बारा फूट असलं तरी भिंतीकडेने ते पंचवीस फूट होतं. वर प्रत्येक टोकाला दोन-तीन फूट जास्त धरा.

लॅमिंग्टन रोडवर काय मागायचं

कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

वायर दहा मीटरपर्यंत असेल आणि स्पीकर ६-८ ओहमचा असेल तर १.५ स्क्वेअर एमएमची चालते. हिशोब साधा आहे. दहा मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, १.५ स्क्वेअर एमएममध्ये त्याचा रोध साधारण ०.२३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे तीन टक्क्यांच्या आतबाहेर, काही बिघडत नाही. ४ ओहमच्या स्पीकरला तेच सहा टक्क्यांजवळ जातं, म्हणून तिथे किंवा लांबच्या अंतराला २.५ घ्या. दुकानात गेजमध्ये बोलले तर १६ गेज म्हणजे १.३ आणि १४ गेज म्हणजे २.०८ स्क्वेअर एमएम. याहून महाग, साप-जाळीच्या कापडात गुंडाळलेली वायर या बजेटमध्ये घेऊ नका. तेच पैसे सेंटर स्पीकरमध्ये घाला.

जे तपासायचं ते वेगळंच आहे. वायरचं टोक सोलायला सांगा आणि एक तार चाकूने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते तांब्यापेक्षा हलकं असतं, रोध दीडपट असतो आणि वाकवून-वाकवून तुटतं. बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस निघाली तर ते कल्हई केलेलं तांबं, उत्तम. समुद्राच्या दमट हवेत ते काळंही लवकर पडत नाही.

वायर दोन रंगांची किंवा एका पदराला पट्टी असलेलीच घ्या. त्यासोबत दहा जोड्या बनाना पिना, सबवूफरसाठी हव्या त्या लांबीची एक आरसीए केबल, एक एचडीएमआय आणि भिंतीवर वायर झाकायला केसिंग-कॅपिंगची पट्टी. भाड्याच्या घरात दुहेरी टेपवर चिकटवायची पट्टी घ्या, म्हणजे घरमालक खिळ्यांची भोकं मोजत बसणार नाही. स्वतःचं घर असेल आणि पीओपीचं काम निघालंच असेल तर आत्ताच सराउंडसाठी २.५ची वायर आणि टीव्हीपर्यंत एक रिकामा मोठा पाइप टाकून घ्या. विजेच्या पाइपमधून मात्र स्पीकरची वायर नेऊ देऊ नका, वायरमन कितीही म्हणाला तरी. दोन्ही शेजारून जायचंच झालं तर फूटभर अंतर, आणि एकमेकांना ओलांडायचं झालं तर काटकोनात.

स्पीकरची वायर: लाल-काळ्याचा मामला

रिसीव्हरची पिन भिंतीच्या सॉकेटमधून काढा. नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही.

वायरचे दोन पदर दोन-अडीच इंच वेगळे करा. टोकाचं प्लॅस्टिक सेंटिमीटरभर सोला. ब्लेड फिरवताना तारा कापल्या जाऊ देऊ नका. तारा चिमटीत धरून एकाच दिशेने पीळ द्या. आता पट्टीवाला पदर लाल की काळा हे एकदाच ठरवा आणि सगळ्या स्पीकरना तेच ठेवा. टर्मिनलची गुंडी सैल करा, आडवं भोक दिसेल त्यात पीळ घाला, गुंडी हाताने आवळा. पक्कड लावायची नाही, प्लॅस्टिक फुटतं. मग बॅटरीच्या उजेडात एकदा बघा: एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलकडे वाकलेली नको. लाल आणि काळ्याला जोडणारी केसाएवढी एक तार पुरते. रिसीव्हर चालू होतो, ‘टक’ असा रिलेचा आवाज येतो आणि डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ लुकलुकायला लागतं. बनाना पिना वापरायला सांगतो ते यासाठीच. पीळ पिनेत एकदा पक्का केला की सुटी तार राहत नाही, आणि पावसाळ्यात उघडं तांबं हिरवं पडत नाही. काही रिसीव्हरच्या टर्मिनलच्या तोंडावर प्लॅस्टिकचं बूच असतं, ते काढलं की पिन आत जाते.

स्पीकरच्या टोकालाही हेच. रिसीव्हरचा लाल स्पीकरच्या लालला, काळा काळ्याला. उलटं लागलं तर काही जळत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कळतच नाही. एका स्पीकरचा कोन (हलणारा कागदी पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधून येणारा गायकाचा आवाज खोलीभर पसरून हरवतो. डाव्या-उजव्या जोडीची परीक्षा घ्यायची तर दोन्ही समोरासमोर जवळ आणा, दोन्हीकडून तोच आवाज येईल असं (मोनो) खर्जातलं गाणं लावा. मग रिसीव्हर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी उलट करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत ढोलकीचा बायाँ भरदार लागला ती बरोबर.

वायर भिंतीमागून गेली असेल आणि पट्टी कुठली ते कळत नसेल तर पेन्सिल सेल कामाला येतो. रिसीव्हरकडचं टोक रिसीव्हरमधून पूर्ण काढा. दोन पदर १.५ व्होल्टच्या सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा कोन बाहेर आला तर सेलच्या टोपीला, म्हणजे प्लसला टेकलेला पदर लाल. आत गेला तर उलट. फार वेळ धरून ठेवायचं नाही, एक टिचकी पुरे.

टर्मिनलवरची नावं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात: फ्रंट, सेंटर, सराउंड. ‘सराउंड बॅक’ ७.१साठी असतात, ५.१मध्ये तिथे काही लावायचं नाही. डावं-उजवं हे नेहमी टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचं धरतात. रिसीव्हरच्या मागे वाकलेल्या माणसाचा इथेच गोंधळ होतो.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि एचडीएमआय

रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय आउट’मधून टीव्हीच्या त्या एका पोर्टला जा, ज्याच्यावर ‘आर्क’ किंवा ‘ई-आर्क’ लिहिलेलं आहे. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय असले तरी हे बहुधा एकालाच असतं. आर्क २००९च्या एचडीएमआय १.४ पासून आलं. त्यामुळे तीच केबल चित्र टीव्हीकडे नेते आणि टीव्हीतल्या ॲप्सचा आवाज उलट रिसीव्हरकडे आणते. साधं आर्क डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस नेतं. ओटीटीवरचा ॲटमॉस त्यातूनच येतो. ब्लू-रेवरचा काहीही न गाळलेला (लॉसलेस) आवाज टीव्हीतून न्यायचा असेल तर ई-आर्क लागतं. टीव्ही जुना असेल आणि आर्क नसेल तर ऑप्टिकल केबल लावा, तीही ५.१ नेते.

सेट-टॉप बॉक्स, गेम, प्लेअर हे सगळे रिसीव्हरच्या ‘इन’मध्ये. टीव्हीकडे फक्त एक केबल जायला हवी. रिसीव्हर जुना असून ४के पुढे पाठवत नसेल तर मात्र ही यंत्रं टीव्हीलाच लावा आणि आवाज आर्कने आणा.

आता सेटिंग. बहुतेकांचं काम इथेच अडतं, वायरीत नव्हे.

टीव्हीत सीईसी (एचडीएमआयमधून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करा. सॅमसंग त्याला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिम्पलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. हे बंद असेल तर कित्येक टीव्हींवर आर्क चालत नाही. रिसीव्हरच्या मेनूतही एचडीएमआय कंट्रोल आणि आर्क चालू करा. टीव्हीत आवाजाचं आउटपुट बाहेरच्या रिसीव्हरवर टाका. शेवटी ‘डिजिटल आउटपुट’ किंवा ‘ऑडिओ फॉरमॅट’ नावाची ओळ शोधा. तिथे ‘पीसीएम’ असेल तर बदलून ‘ऑटो’, ‘पास-थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा. आर्कवर आणि ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनल. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही अशीच एक ओळ असते.

बरोबर झालं की नाही ते कानाने ठरवू नका, रिसीव्हरच्या डिस्प्लेवर वाचा. ५.१ असलेली मालिका ओटीटीवर लावली आणि डिस्प्लेवर ‘डॉल्बी’ आलं की झालं. बातम्या लावून ‘मागचे स्पीकर वाजत नाहीत’ अशी तक्रार करू नका. जो कार्यक्रम स्टीरिओच येतो त्यात मागे काही नसतंच. तसल्या वेळी रिसीव्हरचा ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘न्यूरल एक्स’ मोड लावला तर तो अंदाजाने थोडा आवाज मागे वाटतो. ‘ऑल चॅनल स्टीरिओ’ मात्र सिनेमाला लावायचं नाही. गणपतीत आरतीच्या वेळी ठीक आहे.

सबवूफर आणि खालचा मजला

रिसीव्हरच्या ‘सबवूफर प्री-आउट’मधून एकच आरसीए केबल सबच्या ‘एलएफई’ सॉकेटला. सबला फक्त डावं-उजवं असेल तर डाव्यात घाला. सबच्या मागे क्रॉसओव्हरची गुंडी असते ती पूर्ण वर नेऊन ठेवा, कारण कुठवरचा आवाज सबकडे पाठवायचा हे रिसीव्हर ठरवणार. व्हॉल्यूमची गुंडी अर्ध्यावर.

जागेसाठी जुनी युक्ती: सब उचलून तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि तुम्ही हॉलमध्ये रांगत फिरा. जिथे खर्ज घुमत नाही आणि सगळे सूर सारखे लागतात, सबची जागा तीच. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, पण तिथे तो घुमतोही सगळ्यात जास्त, आणि शेजारच्यांच्या भिंतीतही तिथूनच शिरतो. सबखाली जाड रबर किंवा फोमची लादी घाला. रात्री दहानंतर सबची पातळी उतरवून रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ लावा. त्याने धमाके खाली येतात आणि संवाद ऐकू येतात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला तो आकडा पाठ नसला तरी खालच्या काकांचा फोन नंबर पाठ असतो.

वेगळा ॲम्प जोडायचा असेल तर

घरात जुना चांगला स्टीरिओ ॲम्प असेल, वडिलांच्या वेळचा सोनोडाइन वगैरे, तर तो टाकून देऊ नका. समोरचे दोन स्पीकर त्याच्यावर चालवता येतात. अट एकच: रिसीव्हरला फ्रंट डावं-उजवं ‘प्री-आउट’, म्हणजे ॲम्पने मोठा करण्याआधीचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट, हवं. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये फक्त सबचं असतं, तेव्हा घेण्याआधी मागची बाजू बघा.

प्री-आउटमधून आरसीए केबल ॲम्पच्या ‘ऑक्स’ला. समोरचे स्पीकर ॲम्पला. रिसीव्हरचे फ्रंट टर्मिनल रिकामे. एकाच स्पीकरला रिसीव्हर आणि ॲम्प दोन्हीकडून वायर कधीही लावू नका. दोघं एकमेकांत करंट ढकलतात आणि एक तरी जातोच. ‘फोनो’मध्येही घालू नका, ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असतं. ॲम्पची गुंडी अर्ध्यावर ठेवून तिथे मार्करने खूण करा, कारण ती हलली की खाली सांगितलेलं सगळं मोजमाप बिघडतं. चालू करताना आधी रिसीव्हर मग ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प.

प्री-आउट नाही म्हणून कुणी रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलमधून वायर काढून ॲम्पच्या आरसीएत घालायला सांगेल. नको. ८० वॉट ८ ओहमवर म्हणजे २५ व्होल्ट; ‘ऑक्स’ला अपेक्षित असतो एक-दोन व्होल्ट.

आणि जास्तीचे दोन स्पीकर पडून आहेत म्हणून एकाच टर्मिनलवर दोन-दोन लावणं: ८ ओहमचे दोन समांतर लावले की रिसीव्हरला ४ ओहम दिसतात. वर सांगितलेलं ते तापणं इथेही आलं.

माइक लावून मोजमाप

रिसीव्हरसोबत छोटा माइक येतो. डेनॉनमध्ये या प्रणालीला ‘ऑडिसी’ म्हणतात, यामाहात ‘वायपाओ’. काम तेच: प्रत्येक स्पीकरमधून सूर काढून तो किती लांब आहे, किती मोठा वाजतो आणि खोली काय बिघडवते ते मोजणं. माइक सोफ्यावर हातात धरून बसू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा. पंखा, एसी, मिक्सर बंद. खिडक्या लावा. रस्त्यावरची बिल्डिंग असेल तर दुपारी दोन-तीनची वेळ बरी.

मोजून झाल्यावर निकाल वाचा. सबचं अंतर खऱ्यापेक्षा दोन-चार फूट जास्त दाखवलं तर दुरुस्त करू नका. सबमधल्या सर्किटने होणारा उशीर त्यात धरलेला असतो. ‘फेज’ची सूचना आली तर त्या स्पीकरचे लाल-काळे एकदा बघा, बरोबर असतील तर पुढे जा, भिंतींमुळे कधीकधी ती उगीच येते. समोरचे स्पीकर त्याने ‘लार्ज’ ठरवले असतील तर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. यात स्पीकरचा अपमान काही नाही; जड खर्ज सबकडे गेला की रिसीव्हरचा ॲम्प मोकळा होतो. संवाद दबलेले वाटले तर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा.

घरघर, गरमी आणि वायरींची नोंद

सगळं जोडलं आणि स्पीकरमधून सतत ‘हम्म’ येतोय. मुंबईत पहिला संशय केबलच्या वायरवर घ्या. गच्चीवरून येणाऱ्या त्या गोल केबलचं अर्थिंग आणि तुमच्या घराचं अर्थिंग यांत फरक असला की ५० हर्ट्झची घरघर सिस्टिममध्ये शिरते. सेट-टॉप बॉक्समधून ती केबल उपटून बघा. घरघर थांबली तर तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. डिश असेल तर तसं सांगून घ्या, कारण साधा आयसोलेटर छत्रीला जाणारी वीजही अडवतो आणि चित्र जातं. केबल काढूनही घरघर राहिली तर सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर लावून बघा. रिसीव्हर किंवा सबच्या पिनेचं अर्थिंग तोडून टाकायचा सल्ला मिळेल. त्याने आवाज थांबतो आणि शॉकची सोय होते. तो ऐकू नका.

रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर किमान चार-सहा इंच मोकळे, मागे हवा, आणि डोक्यावर सेट-टॉप बॉक्स नको. पावसाळ्यात सिस्टिम महिनोन्महिने बंद ठेवू नका, आठवड्यातून तासभर तरी चालवा. पिना न लावता उघडी तांब्याची टोकं जोडली असतील तर दिवाळीच्या साफसफाईत ती बघा. काळी-हिरवी पडली असतील तर इंचभर कापून नव्याने सोला.

शेवटी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेप चिकटवून नाव लिहा आणि मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अकरा महिन्यांनी घर बदलायची वेळ आली तर त्या फोटोवरून सगळं तासाभरात पुन्हा उभं राहतं. नव्या हॉलमध्ये माइकचं मोजमाप मात्र पहिल्यापासून करावं लागेल, म्हणून माइक रिमोटच्या पिशवीतच ठेवा. पॅकर्सच्या खोक्यात पहिल्यांदा तोच हरवतो.